डिझायनर दारात आला, तर सॅम्पलचे पैसे आधी मागा

भावांनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अजून कोणीतरी हातानं काहीतरी करतं. कोणाचा बाप टोपल्या विणतो, कोणाची आई गोधड्या शिवते, कोणाचा चुलता चपला करतो. आपण इथं दुबईत, शारजात, मस्कतला, दोह्याला. त्यामुळे घरी कोण आलं, काय बोललं, कशावर सही घेऊन गेलं, हे आपल्याला फोनवर कळतं, तेही आठ-पंधरा दिवसांनी. म्हणून हे लिहितोय. गेल्या काही वर्षांत आपल्या गल्ल्यांमध्ये एक नवा शब्द आलाय. कोलॅबोरेशन. शहरातून डिझायनर येतो, विणणाऱ्याबरोबर बसतो, नवीन वस्तू तयार होते, प्रदर्शनात लागते, आणि खाली लिहिलेलं असतं की ही पारंपरिक कारागीर आणि आधुनिक डिझायनर यांची भागीदारी आहे.

भागीदारी म्हणजे काय हे आपल्याला कळतं. दोघांनी मिळून टेम्पो घेतला तर आरसी बुकावर कोणाचं नाव, हप्ता कोण भरणार आणि भाडं कसं वाटायचं, हे आधी ठरतं. टोपलीच्या भागीदारीत यातलं काहीच ठरत नाही. माझं म्हणणं असं आहे की या कामात विणणाऱ्याकडून इंजिनिअरचं काम करून घेतात आणि पैसे मात्र हेल्परचे देतात. आणि हे थांबवायचं तर बोलणी आपल्याला करावी लागतील, कारण घरात करार बघितलेले, ओव्हरटाइमसाठी भांडलेले, कागद वाचायची सवय असलेले आपणच आहोत.

मी अल कुसैसला राहतो, सिव्हिलचा डिप्लोमा आहे, साइटवर सुपरवायझर आहे. आम्ही बुरूड. आईच्या आणि बापाच्या दोन्ही घरांत बांबूचं काम. सूप, रोवळी, परडी, दुरडी, हारा, कोंबड्यांचं डालगं, धान्याची कणगी, पावसाळ्यात इरलं. आणि हो, पाटी. आज आपण साइटवर लोखंडी घमेलं वापरतो, पण वाळू-खडी आधी वाहिली ती बांबूच्या पाटीनं. तुमच्यातल्या पन्नाशीच्या गवंड्यांना विचारा, त्यांनी ती डोक्यावर घेतलेली असेल.

आता इंजिनिअरचं काम कसं, ते सांगतो. साइटवरच्या माणसाला हे लगेच कळेल. आर्किटेक्टकडून जे ड्रॉइंग येतं ते डिझाइन इंटेंट. म्हणजे शेवटी काय दिसलं पाहिजे ते. त्यावरून काम उभं राहत नाही. सळई किती एमएमची, लॅप कुठं, शटरिंगचा सांधा कुठं, आधी काय ओतायचं, हे सगळं शॉप ड्रॉइंगमध्ये येतं. ते कॉन्ट्रॅक्टर करतो, त्यासाठी ड्राफ्ट्समन आणि इंजिनिअर पगारावर ठेवतो, आणि कन्सल्टंटचा शिक्का बसल्याशिवाय एक सळई कापली जात नाही. शॉप ड्रॉइंग करणाऱ्याला कोणी 'हात' म्हणत नाही. त्याचा पगार हेल्परपेक्षा कितीतरी पट असतो.

डिझायनर बुरुडाच्या दारात येतो तेव्हा त्याच्याकडे फक्त इंटेंट असतो. वहीत पेन्सिलनं काढलेला एक गोल, खाली निमुळता, वर मोठं तोंड. लॅम्पशेड पाहिजे. त्यापुढचं सगळं माझ्या मामाच्या डोक्यात. बांबू कुठला घ्यायचा, मेस की माणगा? किती वर्षांचा? कोवळा बांबू वाळला की फार आकसतो आणि त्याला भुंगाही लवकर लागतो, म्हणून तीन वर्षांच्या पुढचा पाहिजे, आणि पावसाळ्यात तोडलेला नको. कामट्या ओल्या बांबूच्याच काढाव्या लागतात, पण लॅम्पशेडमध्ये आत बल्ब लागणार, बल्ब तापणार, कामटी आणखी सुकणार आणि विणीत फटी पडणार. मग आधी किती सुकवायची? उभ्या कामट्या किती ठेवायच्या? एकाच आडव्या पट्टीनं एक वर, एक खाली असं गोल गोल विणत जायचं असेल, तर उभ्या कामट्या विषम लागतात. एकवीस चालतील, वीस चालत नाहीत. वीस ठेवल्या तर दुसऱ्या फेरीला पट्टी पुन्हा त्याच कामटीवरून जाते आणि वीण बसतच नाही. तोंड मोठं करायचं तर मध्येच नव्या कामट्या घालाव्या लागतात, त्या अशा की संख्या विषमच राहिली पाहिजे आणि सांधा दिसला नाही पाहिजे. हे त्या वहीत कुठंच नव्हतं. डिझायनरला ते माहीत नव्हतं, आणि माहीत असायची गरजही नाही, त्याचं शिक्षण वेगळं. पण ज्याला माहीत होतं त्याला नगावर पैसे मिळाले.

मामाचा हिशेब सांगतो. मामाचं आणि त्या स्टुडिओचं नाव लिहीत नाही. चार सॅम्पल करून घेतली, चार वेळा आकार बदलला. पहिलं फार जड दिसतं, दुसऱ्याचं तोंड लहान, तिसऱ्यात वीण फार दाट, चौथं पसंत. चार सॅम्पलला मिळून सात-आठ दिवस गेले. पैसे शून्य, कारण 'ऑर्डर आली की त्यात निघेल'. मग साठ नगांची ऑर्डर, दर ३८० रुपये. एका नगाला दीड दिवस जातो. बांबू मामाचा. साठातले बारा परत आले, कारण गाडीत सुकून फटी पडल्या, त्याचे पैसे कापले. तोच लॅम्पशेड वेबसाइटवर ५,९०० रुपयांना होता. त्याखाली स्टुडिओचं नाव, डिझायनरचं नाव, आणि मामाच्या जागी दोन शब्द. स्थानिक कारागीर.

दीड दिवसाला ३८०, त्यातून बांबू वजा. आपल्याकडे गवंड्याच्या हाताखाली माल कालवणारासुद्धा यावर येणार नाही.

आता हेच काम आपल्या साइटवर असतं तर काय झालं असतं? मागे एका हॉटेलच्या लॉबीत विणलेल्या वेताची पॅनेल्स बसवायची होती. त्या सबकॉन्ट्रॅक्टरनं एक मॉकअप केलं, त्याचे पैसे बीओक्यूमध्ये वेगळ्या ओळीत होते. इंटिरियरवाल्यांनी बघितलं आणि म्हणाले वीण बदला. त्यानं दुसऱ्या दिवशी व्हेरिएशन टाकलं. पुन्हा बदल, पुन्हा व्हेरिएशन. कोणालाही यात वाईट वाटलं नाही. ड्रॉइंग बदललं की पैसे बदलतात, हा धंद्याचा पहिला नियम आहे, दुबईतला शेंबडा सबकॉन्ट्रॅक्टरही तो सांगेल. मग हा नियम गावातल्या बुरुडाच्या ओट्यावर येऊन कसा काय थांबतो? कारण तिथं समोरचा माणूस पार्टी म्हणून मोजलाच जात नाही. तो मजूर. आणि मजुराचा वेळ फुकट, असं आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाला लहानपणापासून वाटत आलेलं आहे.

यावर कोणीतरी म्हणेल, अरे बाबा, डिझायनर आला नसता तर टोपलीला विचारलं कोणी असतं? खरं आहे. प्लास्टिकच्या टोपलीनं आणि सुपानं आमचा बाजार खाल्ला. गौरीच्या दिवसांत कोकणात ओवशासाठी सुपं खपतात, लग्नसराईत परड्या आणि रुखवताचं सामान जातं, बाकी वर्षभर पुण्याच्या बुरूड आळीतसुद्धा शिड्या, चटया आणि मांडवाच्या बांबूवर दुकानं चालतात. डिझायनर नवं गिऱ्हाईक आणतो. दुकानाचं कमिशन, पॅकिंग, फोटो, वेबसाइट, जीएसटी, न खपलेला माल, हे सगळं त्याच्या अंगावर असतं. ५,९०० मधले अर्धे मामाला द्या असं मी म्हणत नाही. ओव्हरहेड मला कळतो. पण ओव्हरहेडमध्ये त्याचं ऑफिसचं भाडं बसतं, फोटोग्राफरचे पैसे बसतात, आणि मामाचे सॅम्पलचे आठ दिवस तेवढे बसत नाहीत. हे कसं? फोटोग्राफरला कोणी सांगत नाही की लॅम्पशेड खपले की त्यात तुझं निघेल.

दुसरी गोष्ट, 'परंपरा'. हा शब्द ऐकला की मी सावध होतो. डिझायनरसाठी ती हेरिटेज आहे, आमच्यासाठी ती जात होती. बुरूड अनुसूचित जातीत आहेत. कैकाडी टोपल्या विणायचे, त्यांना इंग्रजांनी कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ ला गेला, पण वागणूक राहिली. आजही तेच कैकाडी विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आणि बाकी महाराष्ट्रात विमुक्त जातीत, म्हणजे जिल्हा बदलला की माणूस बदलला. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं. टोपल्या विणून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी घरातल्या माणसानं स्वतः लिहिलेलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा, आणि मग कोणी सांगितलं की टोपली विणणं म्हणजे किती सुंदर, किती संथ जगणं, तर त्यालाही वाचायला द्या. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणमध्ये मेदार केतय्या हा टोपल्या विणणारा शरण होता. आमच्या समाजात अजून त्याचं नाव घेतात, ते कशासाठी? टोपली सुंदर होती म्हणून नाही घेत. विणणाऱ्याला तिथं बरोबरीनं बसायला मिळालं म्हणून घेतात.

म्हणून 'तुमच्या मुलांनी ही कला पुढं चालवली पाहिजे' असं कोणी माझ्या मामाला सांगितलं की मला राग येतो. तुमची मुलं काय करतात? माझा मामेभाऊ फार्मसीला आहे, आणि तो टोपल्या विणणार नाही, आणि त्यात कोणाची काही हानी नाही. ही कला टिकायची तर तिच्यात पगार पाहिजे. आणि आमच्या घरातली एखादी पोरगी अहमदाबादच्या एनआयडीत किंवा मुंबई आयआयटीच्या आयडीसीत गेली पाहिजे, म्हणजे पुढच्या वेळी वही तिच्या हातात असेल. एनआयडी १९६१ पासून आहे, आयडीसी १९६९ पासून. साठ वर्षांत बुरूड गल्लीत डिझायनर पुष्कळ आले, बुरूड गल्लीतून डिझायनर झालेला मला अजून भेटलेला नाही.

आता इथलं बघा. कुसैसहून शारजाची हद्द किती लांब? अल नहदाचा सिग्नल ओलांडला की आलीच. शारजात २०१५ साली 'इर्थी कंटेम्पररी क्राफ्ट्स कौन्सिल' नावाची संस्था सुरू झाली. इर्थी म्हणजे अरबीत 'माझा वारसा'. खजुराच्या पात्यांची वीण असते, तिला इथं सफीफा म्हणतात. त्या पात्यांच्या लांब पट्ट्या विणून, शिवून टोपल्या, झाकणं, चटया करतात. आपल्याकडे शिंदीच्या पात्याचं काम बघितलेल्या माणसाला ते लगेच ओळखू येईल. हे काम इथं बायका करतात. पूर्व किनाऱ्यावर दिब्बा अल हिस्न म्हणून शारजाचं छोटं गाव आहे, तिथं 'बिदवा' नावानं या बायकांसाठी इर्थीचा कार्यक्रम चालतो, आणि इथले-बाहेरचे डिझायनर त्यांच्याबरोबर काम करतात, सफीफाला चामड्याशी जोडून पिशव्या वगैरे होतात. २०१९ मध्ये खजुराच्या झाडाशी जोडलेली सगळी कसबं युनेस्कोच्या यादीत गेली, अमिरातीसह चौदा देशांनी मिळून ते केलं.

मला यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथं डिझायनर एकट्या बाईच्या दारात जाऊन उभा राहत नाही. मध्ये संस्था आहे. आपल्या गल्लीत मध्ये कोणीच नाही. एका बाजूला इंग्रजी बोलणारा, गाडीतून आलेला माणूस, आणि दुसऱ्या बाजूला मामा, ज्याला वाटतं की पाहुण्याकडे पैशाची गोष्ट आधी काढणं बरं दिसत नाही. अशी बोलणी सुरू व्हायच्या आधीच हरलेली असतात. एजंटसमोर बसलेले तुम्ही आठवा म्हणजे कळेल.

महाराष्ट्रात काहीच नाही असंही नाही. कुडाळला कोकण बांबू अँड केन डेव्हलपमेंट सेंटर आहे, मेळघाटात लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला सरकारचं बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. पण मालावर हक्क नसेल तर प्रशिक्षण घेऊन काय करणार? १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे झाड होतं. आहे खरं म्हणजे गवत. नव्वद वर्षं गवताला झाड म्हणून वाहतूक पास मागितले गेले, आणि २०१७ साली, तेही फक्त जंगलाबाहेरच्या बांबूपुरतं, ते बदललं. जंगलातल्या बांबूसाठी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००६ चा वनहक्क कायदा हातात धरून झगडावं लागलं, तेव्हा कुठं एप्रिल २०११ मध्ये ग्रामसभेच्या हातात वाहतुकीचे पास आले. त्या गावानं त्यानंतर बांबू स्वतः विकला, स्वतःच्या दरानं. माल ज्याचा, त्याला 'नाही' म्हणता येतं. भागीदारीत हे 'नाही' सगळ्यात महागाचं असतं.

कोल्हापुरीचं तुम्ही सगळ्यांनी वाचलंच असेल. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलानला प्राडा कंपनीनं आपल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. आरडाओरडा झाला, मग कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा तिथून आहे. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकचे चार मिळून. तरी मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक दुसरे, तक्रार त्यांनी करायला पाहिजे होती. नंतर डिसेंबर २०२५ मध्ये बातमी आली की कंपनीनं महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर यांच्याशी करार केला, दोन हजारांच्या आसपास जोड भारतात बनणार, किंमत ८०० युरोच्या घरात. बातम्यांत किंमत आली, जोडांचा आकडा आला, दुकानांचा आकडाही आला. एका जोडाला शिवणाऱ्याला किती, हा आकडा मथळ्यात मला कुठं दिसला नाही. तुम्ही कोल्हापूर-सांगलीकडचे असाल आणि घरात चपलेचं काम असेल तर हा प्रश्न महामंडळाला विचारायचा हक्क तुमचाच आहे. आणि लक्षात घ्या, कोल्हापुरीकडे मानांकन होतं, नाव होतं, तिच्यासाठी टीव्हीवर भांडणारे होते. मामाच्या विणीकडे यातलं काय आहे?

नाव लावता येत नाही असं सांगणाऱ्यांना एक उदाहरण द्या. आल्व्हारो कातालान दे ओकोन नावाचा स्पेनचा डिझायनर आहे. २०१२ पासून तो प्लास्टिकच्या बाटल्यांचे दिवे करतो. बाटली उभी चिरायची, त्या पट्ट्या म्हणजे उभ्या कामट्या, त्यांच्यात विणणारा आपली वीण घालतो. पहिलं काम कोलंबियात झालं. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला रामिंगिनिंग इथल्या योल्ङू बायकांबरोबर त्यानं असंच काम केलं, तिथल्या बुलाबुला आर्ट्स या त्यांच्या संस्थेमार्फत, मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियासाठी. त्या कामाला विणणाऱ्या बायकांची नावं लागली. एकेकीचं नाव. डिझायनर त्यामुळे लहान झाला नाही. आणि पैशाचं म्हणाल तर आपल्याच देशात 'रंगसूत्र' नावाची कंपनी आहे, काम कापडाचं आहे, पण कारागीर तिच्यात शेअरहोल्डर आहेत. म्हणजे कागद करायचाच म्हटलं तर करता येतो.

तर आता कागदाचं. हा भाग नीट वाचा, घरी फोनवर सांगताना उपयोगी पडेल.

इथं नोकरीला लागताना ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीबरोबर आपल्याला कळणाऱ्या तिसऱ्या भाषेत द्यायचा नियम आहे. त्या भाषांत मराठी नाही, हिंदी आहे, तेवढ्यावर आपण भागवतो. पण महाराष्ट्रात, मराठी माणसाच्या घरात येऊन, मराठी माणसाकडून इंग्रजी कागदावर सही घेणं, याला काय म्हणायचं? कागद मराठीत मागा. एक प्रत घरी ठेवा. सही करायच्या आधी त्याचा फोटो तुम्हाला इकडे यायला पाहिजे, आणि तुम्ही तो रात्री ड्यूटी संपल्यावर वाचला पाहिजे, कितीही दमला असलात तरी. समोरच्याला चार दिवस थांबायला काय होतंय.

सॅम्पलला रोज लावा. गावातल्या चांगल्या गवंड्याचा जो रोज, तोच विणणाऱ्याचा. त्याच्या खाली बोलणं नाही. पसंत झालेल्या सॅम्पलमध्ये नंतर बदल सांगितला तर नवा दर. माल परत आला तर का आला ते आधी ठरलेलं पाहिजे. हा मुद्दा मामाला फार महाग पडला, म्हणून जोर देऊन सांगतो. बांबू सुकतो, हलतो, तो लोखंड नाही. किती फट चालेल, हे पसंत सॅम्पल दोघांनी समोर ठेवून ठरवायचं, आणि ते सॅम्पल विणणाऱ्याच्या घरीही एक राहिलं पाहिजे. आपण साइटवर अप्रूव्ह्ड सॅम्पल ऑफिसात सही करून ठेवतो की नाही? तसंच. गाडीत चढल्यावर जे बिघडेल ते ज्याची गाडी त्याचं.

आणि सगळ्यात किचकट गोष्ट, हक्क. भारतात २००० सालचा डिझाइन कायदा आहे. नवा आकार असेल तर त्याची नोंदणी करता येते, दहा वर्षांची, पुढे पाच वर्षं वाढते. नोंदणी ज्याच्या नावावर, आकार त्याचा. म्हणजे मामाच्या डोक्यातून निघालेला लॅम्पशेड स्टुडिओनं आपल्या नावावर नोंदवला, तर उद्या मामानं तोच आकार विणून बाजारात ठेवला तर मामाच चोर ठरेल. त्यात आणखी एक मेख आहे. दुसऱ्यासाठी मोबदला घेऊन डिझाइन केलं तर कायद्यानं मालक तो दुसरा. म्हणून सॅम्पलचे पैसे घ्यायचे, पण कागदावर एक ओळ पाहिजे, की हे पैसे कामाच्या दिवसांचे आहेत, आकारावरचा हक्क दोघांचा आहे, आणि नोंदणी केली तर अर्जावर दोघांची नावं राहतील. ही ओळ लिहायला जो डिझायनर तयार होईल त्याला चहा पाजा, त्याच्याबरोबर काम करा. कां-कूं करणारा असेल तर कोलॅबोरेशन हा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा ऐकून घेऊ नका. त्याला सरळ नगाचा दर सांगा, दुप्पट.

सरकारी कागदही करून ठेवा. सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे, तिच्या अठरा धंद्यांत टोपल्या-चटया-झाडू करणारे येतात. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्क्यांनी कर्ज, पहिलं एक लाखापर्यंत. हस्तकला विकास आयुक्तांचं कारागीर ओळखपत्रही निघतं, पेहचान कार्ड. याच्यानं कोणाचा भाव वाढणार नाही, पण 'स्थानिक कारागीर' या दोन शब्दांच्या जागी फोटो आणि नंबर असलेला माणूस उभा राहतो.

आणि सुट्टीवर जाल तेव्हा एक काम करा. घरातल्या जुन्या वस्तूंचे, आजीच्या परडीचे, माळ्यावरच्या कणगीचे, तुमच्या घरच्या ज्या ज्या विणी असतील त्यांचे फोटो काढा आणि उघडपणे कुठंतरी टाका, फेसबुकवर टाका, तारीख आणि विणणाऱ्याचं नाव लिहून. आधी जगासमोर आलेला आकार नवा म्हणून कोणाला नोंदवता येत नाही, आणि कोणी नोंदवलाच तर कोलकात्याच्या डिझाइन कार्यालयात तो रद्द करायला हाच फोटो पुरावा होतो. डिझायनरबरोबर मिळून केलेल्या नव्या आकाराचे फोटो मात्र नोंदणीच्या आधी टाकू नका, त्यात दोघांचंही जाईल. फोटो दिवसाउजेडी काढा. प्रत्येक वस्तूचे तीन, एक बाजूनं, एक वरून, आणि एक उपडी ठेवून बुडाचा. बुडाचा आपण नेहमी विसरतो, आणि कामट्या किती घेतल्या, वीण कुठून सुरू झाली, हे तिथंच दिसतं.